यंदा मला जाळा

“माएस्त्रो, यंदा मला जाळा.”

मी गालाला साबण फासून आरशासमोर उभा होतो. आरशात माझ्या खांद्यामागे डॉन एवारिस्तो दिसत होते. डोक्यावर पांढरी हॅट, ओठांवर मिशीची बारीक रेघ, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेलं गाठोडं. ते सांता रोसा गावचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या भाषेत सरपंचच. माझं स्पॅनिश पुण्याच्या एका क्लासात दोन सत्रं घासून झालेलं. ‘जाळणे’ हे क्रियापद आम्हाला शिकवलं होतं, पण ते लाकडांच्या संदर्भात. म्हणून मी खात्री करून घेतली.

“कुणाला?”

“मला. आणि नाक माझंच हवं. मागच्या वर्षी टाचोने वांगं लावलं होतं.”

एवढं बोलून त्यांनी गाठोडं माझ्या खाटेवर ठेवलं. “कपडे आहेत. आत्ता उघडू नका,” म्हणाले. तेवढ्यात गिरणीच्या बाजूने माझ्या घरमालकीण डोन्या मेचेच्या चपला वाजल्या. सरपंच मागल्या दाराने, टर्कींच्या कळपातून, हॅट धरून पळाले. टर्कींनी मोठा कालवा केला. सरपंचाला पळताना पाहायची त्यांना सवय नसावी.

या गोष्टीला आता तीस-एक वर्षं झाली. तेव्हा मी एका दैनिकात व्यंगचित्रं काढायचो. कुठल्याशा कलासंस्थेने मला सहा महिन्यांसाठी मेक्सिकोतल्या या खेड्यात लोककलेचा अभ्यास करायला पाठवलं. अभ्यास करीन असं संस्थेला वाटलं. गावाला वाटलं, चला, रंगारी आला, आणि मी ‘माएस्त्रो’, म्हणजे उस्ताद, झालो. पहिल्याच महिन्यात मी खाटकाच्या दुकानावर हसरं डुक्कर काढलं, चर्चमधल्या सांता रोसाचे विटलेले गाल रंगवले आणि बँडच्या ढोलावर गरुड काढला. गरुड जरा कोंबडीकडे झुकला होता, पण ढोलवाल्याने तो गरुड म्हणूनच स्वीकारला.

माझं नाव वामन. स्पॅनिश जिभेला ‘व’ झेपत नाही, म्हणून गावाने पहिल्या दिवसापासून मला ‘डॉन बामन’ केलं. सात पिढ्यांचे आम्ही शिंपी. इतक्या समुद्रांपलीकडे जाऊन मी एका फटक्यात बामन झालो, आणि तेही कुणी आक्षेप न घेता.

मी डोन्या मेचेच्या घरी राहायचो. ‘डॉन’ म्हणजे आपलं ‘राव’, ‘डोन्या’ म्हणजे ‘बाई’, आणि या बाई म्हणजे गावचं उच्च न्यायालय. अंगाने किरकोळ, आवाजाने दणकट. पहाटे मका दळून आणायच्या, तव्यावर भाकरीसारखे तोर्तिया थापायच्या आणि एकेक तोर्तिया उलटताना एकेका गावकऱ्याचा निकाल लावायच्या. मिरचीची चटणी खाताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही तेव्हाच त्यांनी मला घरचा मानलं.

त्या सकाळी टोपली ठेवून त्या थेट विचारत्या झाल्या, “एवारिस्तो आला होता?”

“कशावरून?”

“टर्की ओरडले. काय म्हणत होता?”

“यंदा मला जाळा म्हणाले.”

बाईंनी हातातला पिठाचा गोळा परातीत आपटला. “नाही म्हणजे नाही! त्याला सांगितलंय मी. घरात सुतक आहे.”

आता जाळण्याचं सांगतो. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्या बाजूला जुदास जाळतात. येशूला विकणारा तो जुदास. बोरूच्या काड्यांचा सांगाडा, वर कागदाचा लगदा, अंगभर फटाके. पण हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या जुदासवर किती दिवस राग धरणार? म्हणून जुदासला दर वर्षी गावातल्याच एखाद्या माणसाचं तोंड लावतात. आधी चौकात त्याच्या नावाने भरपेट शिव्या, मग बत्ती. थोडक्यात आपला शिमगाच, फक्त त्यांचा शिमगा माणसाच्या मापाने शिवलेला असतो.

आणि शिवलेला हे शब्दशः. ज्याला जाळायचं त्याच्याच घरातून कपडे मागून आणायचे, अशी रीत. घरच्या बायका ते हसत हसत देतात, आणि नेमका तोच कपडा देतात जो त्यांच्या डोळ्यांत वर्षभर सलत असतो. आपल्याकडे नवऱ्याचे लाडके कपडे बोहारणीला जातात, तसे तिथे जुदासला. मी विमानात बसलो त्याच आठवड्यात आमच्या कुमुदने माझा कॉर्डरॉयचा कोट देऊन पोळ्यांचा डबा घेतला होता. त्यामुळे ही रीत मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

डॉन एवारिस्तो सलग नऊ वर्षं जळले होते. शिव्या रचायच्या डोन्या मेचे, आणि त्या चौकात वाचायच्याही त्याच. नात्याने या सरपंचांची मेव्हणी. त्यांची धाकटी बहीण कुका ही डॉन एवारिस्तोंची बायको. मागच्या ऑगस्टमध्ये ती गेली. म्हणून यंदा बाईंनी फर्मान काढलं होतं: विधुराच्या घरावर शिव्या नकोत. त्याला शांत बसू द्या. गावही कबूल झालं. अडचण एकच होती. शांत बसायचं नव्हतं ते त्या विधुराला.

मला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्या दैनिकाच्या कचेरीत असे फोन यायचे. “काय वामनराव, बरेच दिवसांत आमचं चित्र नाही? आम्ही काही चुकलो का?” मंत्र्याला टीका सोसते, विस्मरण सोसत नाही. मी मनाशी म्हटलं, पुण्यात काय आणि सांता रोसात काय, नग तोच. गाठोडं तसंच उचललं आणि पेटीवर टाकलं.

मुळात यंदा जुदास करायचं काम माझ्याकडे आलं होतं. गावचा शोभेचं दारूकाम करणारा टाचो सांगाडा आणि फटाके बघणार, तोंड मी करायचं. सरपंच बाद झाल्यावर मी मोठा विचार केला. म्हटलं, एकट्या-दुकट्याला कशाला, अख्ख्या व्यवस्थेलाच जाळू. गुबगुबीत गाल, तीन हनुवट्या, लाल टाय, नोटांसारखे हिरवे डोळे. रविवारी तो चेहरा अंगणातल्या दोरीवर वाळत घातला आणि डोन्या मेचे व टाचो यांना बोलावलं.

दोघांनी चेहरा पुढून बघितला, मागून बघितला.

“कोण हा?” टाचोने विचारलं.

“असा कुणी नाही. सत्ता. लाचखोरी. प्रतीक आहे ते.”

“कुणाचा मुलगा?” डोन्या मेचे.

“कुणाचाच नाही, बाई. प्रतीकाला आईबाप नसतात.”

“अरेरे,” टाचो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं.

“माएस्त्रो,” बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “ओळख ना पाळख, माणसाला जाळायचं कसं? आपला असेल तर शिव्या देता येतात. परक्याला जाळलं तर तो खून होईल.”

चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्या संपादकांनी माझी अनेक चित्रं नाकारली, पण इतकं मुद्देसूद कारण एकानेही दिलं नाही. दुसऱ्या कुणाचं तोंड लावायचं ते ठरेना. त्यामुळे प्रतीक दोरीवरच राहिलं. टर्की तेवढे त्याला घाबरत.

सोमवारी डॉन एवारिस्तोंना बाईंचा अंतिम निकाल कळला. त्यांनी ठरवलं, मागून मिळत नाही तर मिळवू. लोकांना आपला संताप आलाच पाहिजे. ते थेट चौकात गेले आणि सार्वजनिक नळाला कुलूप लावलं.

बायका बादल्या घेऊन आल्या, कुलूप पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. “बिचारा,” एक म्हणाली. “डोकं ठिकाणावर नाही हो त्याचं.” मग सगळ्या ओढ्यावर गेल्या, आणि परतताना सरपंचांच्या दारात घेवड्याच्या उसळीचं भांडं ठेवून गेल्या.

मंगळवारी त्यांनी बँडला चौकातल्या दगडी छत्रीखाली सराव करायला बंदी केली. बँडमास्तर हात जोडून म्हणाला, “खरं आहे, साहेब. दुःखातल्या माणसाला ट्रंपेट नाही सोसत.” बँडने ट्रंपेटात मोजे कोंबले आणि नदीकाठी जाऊन वाजवलं. साहेबांना ऐकू येत असेल म्हणून फक्त हळुवार गाणी वाजवली.

बुधवारी त्यांनी शेवटचा पत्ता टाकला. भर चर्चमध्ये पाद्र्यांचं प्रवचन चालू असताना उभे राहिले आणि ओरडले, “फादर, पुरे! फार लांबलं!”

पाद्री गोंधळून थांबले. प्रार्थना लवकर सुटली. बाहेर आल्यावर गावातल्या पुरुषांनी एकेक करून सरपंचांचा हात दाबला. निवडणूक त्या दिवशी असती तर बिनविरोध झाली असती.

संध्याकाळी ते माझ्या अंगणातल्या भिंतीवर येऊन बसले. त्यांच्या पुढ्यात कुणीतरी दिलेले मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले होते.

“खा,” ते म्हणाले. “माझ्या घरात बारा घरचे तामाले आहेत. माएस्त्रो, हे लोक मला कधी माफ करायचं थांबवणार?”

“एक वर्ष जळलं नाही तर काय बिघडतं? निवडणुकीला अजून अवकाश आहे.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना स्पॅनिशचा एखादा अगदी सोपा प्रश्न चुकीचा सोडवून दाखवला होता. “नाकाचं लक्षात ठेवा,” म्हणाले आणि गेले.

गुड फ्रायडेला त्या गावात घंटा वाजत नाहीत. लाकडाची खुळखुळी फिरवून लोकांना चर्चला बोलावतात. दुपारी सगळीकडे शुकशुकाट. टाचोचा सांगाडा आंब्याच्या फांदीला उघडाच लटकत होता. डोन्या मेचे काळ्या कपड्यांत चुलीपाशी बसल्या होत्या. भिंतीवर डॉन एवारिस्तो पुन्हा हजर. बाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या, पण त्यांच्यासाठी कॉफी ठेवली होती. कप आदळून.

“उद्या काय जाळायचं, माएस्त्रो?” बाई मला म्हणाल्या. “तुमचं ते प्रतीकच लावा. काय करणार? शिव्या न देता जाळू. निदान त्याच्या अंगावर कपडे तरी घाला, उघडं बरं दिसत नाही. एखादा जुना कोट आहे का?”

“माझा होता. त्याचा डबा झाला,” मी म्हणालो. मग पेटीवरचं गाठोडं आठवलं. “सरपंचांनी दिलेले कपडे आहेत. प्रतीकाला चालतील.”

“नको!” डॉन एवारिस्तो भिंतीवरून उतरले. “त्याला नाही. तो कोट माझा आहे.”

तोवर मी सुतळी तोडली होती. आत तपकिरी कोट निघाला. कोपरं झिजून चकाकत होती, कॉलर उसवलेली, खिसे लोंबलेले. मी तो सांगाड्याच्या मापाला धरायचा म्हणून उलटा केला, आणि आतलं अस्तर बघून थबकलो.

शिंप्याच्या पोटी जन्मलेला माणूस कोट आधी आतून बघतो. अस्तरावर दोन्ही बाजूंना खालपासून वरपर्यंत कापडाचे छोटे छोटे फासे शिवले होते. बटणांसाठी नव्हेत, पट्ट्यासाठीही नव्हेत. दुहेरी दोऱ्याने, एकेक बोट अंतरावर, अगदी मन लावून. मी टाचोच्या पिशवीतला एक फटाका घेतला आणि एका फाशात सरकवला. म्यानात तलवार जावी तसा बसला.

“हे कुणी शिवलं?” मी विचारलं.

डोन्या मेचे चुलीपासून उठल्या. पिठाचे हात पुसले, कोट माझ्या हातातून घेतला आणि अस्तरावरून अंगठा फिरवला. एक फासा, दुसरा फासा. मग कोपऱ्यातली गाठ त्यांनी डोळ्यांजवळ नेली.

“ही कुकाची गाठ आहे,” त्या म्हणाल्या. “आईने दोघींना शिकवली होती. मला कधीच नीट आली नाही.”

डॉन एवारिस्तो हॅटच्या कडेला नखाने खरवडत होते.

“कधी शिवलं तिने?”

“जुलैमध्ये. उठता येत नव्हतं तेव्हा.” ते हॅटशीच बोलत होते. “ती दर वर्षी या कोटावर टपलेली असायची. मी दर वर्षी लपवायचो. मागल्या वर्षी कचेरीच्या कपाटात, झेंड्याखाली ठेवला. झेंड्याखाली कोण बघणार? तिने बघितलं. खाटेवर मागवून घेतला आणि सुई घेऊन बसली. म्हणाली, बघतेच पुढच्या वर्षी हा कसा वाचतो ते.”

बाई कोट धरून उभ्या होत्या.

“मग तोंड शिवलं होतं का तुझं? मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू रडली असतीस. तू रडलीस की गाव रडतं. जुदासच्या पुढे कुणी रडतं का?” मग ते माझ्याकडे वळले. “चाळीस वर्षं कोटावरून, टोपीवरून, बुटांवरून मी तिच्याशी भांडलो आणि एकदाही हार मानली नाही, माएस्त्रो. हे एक भांडण मला हरायचंय. चार लोकांसमोर.”

डोन्या मेचेने कोटाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग नाक शिंकरून एकदम कडाडल्या.

“बघत काय उभे आहात, डॉन बामन? ते तीन हनुवट्यांचं ध्यान काढा दोरीवरून. हनुवट्या कापा. एवारिस्तो, इकडे ये, उजेडात बस. हलू नकोस. नाक जन्मात एकदाच नीट होणार आहे तुझं.”

लाचखोरी आणि सत्तेचं सरपंचात रूपांतर करायला फार वेळ लागला नाही. प्रतीकाचे गाल तासले, मिशीची रेघ ओढली. खरा प्रश्न नाकाचा होता. डॉन एवारिस्तोंचं नाक भव्य होतं आणि ओला लगदा वाळायला एक दिवस लागतो. शेवटी डोन्या मेचेने ते चिमट्यात धरलं आणि निखाऱ्यावर भाकरीसारखं शेकलं. एका बाजूने जरा करपलं. मूळ मालकाने आरशात बघून सांगितलं की तेही हुबेहूब आहे.

शनिवारी दुपारी चर्च सुटलं. जुदास चौकात दोन खांबांमध्ये लटकत होता. अंगात तपकिरी कोट, डोक्यावर जुनी टोपी, मधे करपलेलं नाक. गर्दी जमली, आणि जुदास कोण आहे हे दिसताच कुजबुज सुरू झाली. बायकांनी तोंडाला पदर, म्हणजे त्यांच्या त्या लांब शाली, लावल्या. डॉन एवारिस्तो सगळ्यांत पुढे उभे होते. पहिल्या रांगेत तिकीट मिळालेल्या माणसासारखे.

डोन्या मेचे बाकावर चढल्या.

“ऐका सांता रोसाकर! आपल्या नळाला पाणी येण्याआधी हवा येते. या एवारिस्तोच्या भाषणातही आधी हवा येते. नळाला निदान नंतर पाणी तरी येतं!”

कुणी हसलं नाही.

“याने ओढ्यावरच्या पुलाचं उद्घाटन तीनदा केलं. पूल एकदाच पडला, ही पुलाची सभ्यता!”

मागे कुणीतरी खोकलं. लोक खाली बघत होते. सुतकातल्या माणसाला हसायचं कसं, हा प्रश्न चौकभर पसरला होता. डॉन एवारिस्तोंचा चेहरा पडत चालला होता.

“आणि हा कोट!” बाईंचा आवाज चढला. “बारा वर्षं! प्रत्येक लग्नात हाच, प्रत्येक बारशात हाच. ज्यांच्या बारशाला घातला त्यांच्या लग्नालाही हाच येणार होता! माझ्या बहिणीने… माझ्या बहिणीने…”

आणि तिथे आवाज अडकला. पुढचा शब्द येईना. बाकावर उभ्या राहून त्या ओठ हलवत होत्या, आणि गाव त्यांच्याकडे बघत होतं. आता त्या रडणार, मग गाव रडणार, आणि कोट तसाच लटकत राहणार.

मला स्पॅनिशमध्ये एकही शिवी पुरती येत नव्हती. जे येत होतं ते केलं. उजवा हात तोंडावर मारत मी बोंब ठोकली. अस्सल, होळीच्या रात्रीची, आमच्या पेठेतली. वाडवडिलांपासून चालत आलेली.

अख्ख्या चौकाने माना वळवल्या. एक कुत्रं भुंकलं. बँडच्या ढोलवाल्याला वाटलं हा भारतीय इशारा असावा, म्हणून त्याने गरुडावर दणका दिला. आणि मग डॉन एवारिस्तोंनी स्वतःचा हात तोंडावर मारला आणि बोंब मारली. फुटक्या नरसाळ्यासारखा आवाज निघाला. पहिल्यांदा टाचो फिसकला, मग खाटीक, मग सगळ्या बायका शालीतून खदखदायला लागल्या. क्षणात सगळं सांता रोसा हात तोंडावर मारून बोंबलत होतं.

त्या गोंगाटात डोन्या मेचेचा आवाज परत आला, दुप्पट होऊन.

“माझ्या बहिणीने सांगितलंय, जाळा मेल्याला!”

टाचोने बत्ती दिली. आधी पायाचे फटाके उडाले, मग टोपी आकाशात गेली. नाक बराच वेळ टिकलं, मला त्याचा अभिमान आहे. आणि मग कोट. एकामागून एक, एकाही फाशातून न निसटता, खालपासून वरपर्यंत, दोन्ही बाजूंनी सारख्याच तालात. टाचो म्हणाला, आयुष्यात इतकी सरळ लड त्याने पाहिली नाही. शेवटचा फटाका कॉलरखाली होता. तो जरा उशिरा उडाला, सगळ्यांना वाटलं संपलं, तेवढ्यात. लोक दचकले. डॉन एवारिस्तो नाही दचकले. ते मोठ्याने हसले आणि हॅट काढून डोळे पुसले. धूर होताच.

दुसऱ्या दिवशी ईस्टर. नळाचं कुलूप निघालं होतं, बँडच्या ट्रंपेटातले मोजेही. प्रार्थनेनंतर सरपंच नव्या करड्या कोटात चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून लोकांच्या शिव्या घेत होते. खाटीक नळावरून बोलला, बँडमास्तर छत्रीवरून, एका म्हातारीने तर तिचं उसळीचं भांडं परत मागितलं. ते प्रत्येकाला झुकून उत्तर देत होते.

डोन्या मेचे माझ्या शेजारून पुढे गेल्या आणि त्यांच्यासमोर थांबल्या. त्यांनी नव्या कोटाची कॉलर दोन बोटांत धरली. कापड चोळून पाहिलं. मग कडेने उलटवून अस्तर बघितलं, दोन्ही बाजूंचं, सावकाश.

“हं,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी हा.”

“मेचे, हा कालच आणलाय!”

“मग जपून वापर.”

डॉन एवारिस्तोंनी कोटाची बटणं घाईघाईने लावली, वरपासून खालपर्यंत, आणि हात मागे बांधून, छाती काढून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. पुन्हा कोट लपवायला जागा शोधायची होती.